हवेंत विरणारें संगीत : डच मुक्त जॅझचीं दुर्मिळ ध्वनिमुद्रणें

हॉलंडमध्यें हिल्वर्सम नांवाचें एक लहानसें शहर आहे. त्या देशाच्या नभोवाणीचें तें माहेरघर. तेथील एका स्टुडिओंत २ जून १९६४ या दिवशीं चार वादक एकत्र आले. त्यांपैकीं तिघे डच होते : पियानोवर मिशा मेंगेलबर्ग, डबल बासवर जाक स्खोल्स आणि ड्रमवर अवघा बावीस वर्षांचा हान बेन्निंक. चौथा होता एरिक डॉल्फी, अमेरिकेंतील कृष्णवर्णीय कलावंत. सॅक्सोफोन, बासरी आणि बास क्लॅरिनेट हीं तिन्ही वाद्यें तो सारख्याच अधिकारानें वाजवीत असे. एप्रिल महिन्यांत तो चार्ल्स मिंगसच्या वाद्यवृंदाबरोबर युरोपांत आला होता. वृंद परत गेला, डॉल्फी मात्र मागें राहिला. त्या दिवशीं व्हारा या नभोवाणी संस्थेसाठीं झालेलें हें वादन पुढें 'लास्ट डेट' या नांवानें तबकडीवर निघालें. तबकडीच्या शेवटीं, वाद्यें थांबल्यावर, डॉल्फीचा स्वतःचा आवाज ऐकूं येतो. संगीत संपलें कीं तें हवेंत विरून जातें आणि पुन्हां कधीं हातीं लागत नाहीं, अशा आशयाचे त्याचे शब्द आहेत. मिखिएल द रॉयटर या डच नभोवाणी निवेदकानें त्याची मुलाखत घेतली होती, तींतील ते उद्‌गार. या मैफलीनंतर चार आठवडेहि गेले नाहींत, तोंच २९ जून रोजीं मधुमेहाच्या विकारानें बर्लिनमध्यें डॉल्फीचें निधन झालें. त्याचें वय छत्तीस वर्षांचें होतें.

जें पुन्हां हातीं लागत नाहीं असें तो म्हणाला, तेंच त्याच्या या शब्दांसह आज हवें तेव्हां ऐकतां येतें. डच मुक्त जॅझच्या सर्व ध्वनिमुद्रणांच्या मुळाशीं हा विरोध आहे. तबकडीचें नांवहि खरें नाहीं. 'लास्ट डेट' म्हणजे अखेरचें मुद्रण. परंतु त्यानंतर त्याच महिन्यांत डॉल्फीनें पॅरिसमध्यें वादन केलें आणि तें मुद्रितहि झालें. तबकडीच्या वेष्टणावर छापलेलें नांव व घडलेला इतिहास या दोन गोष्टी निराळ्या, हें या विषयांत शिरतांना ध्यानांत ठेविलेलें बरें.

मुक्त जॅझ म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. जॅझमध्यें उपजेला पहिल्यापासून मानाचें स्थान आहे. एखाद्या गीताची धून घ्यावयाची, तिच्या स्वरसंघांचें आवर्तन कायम ठेवावयाचें आणि त्यावर प्रत्येक वादकानें आपापली उपज मांडावयाची, अशी ही परंपरा. राग आणि ताल यांचें बंधन पाळून गवई विस्तार करतो, तशांतलाच हा प्रकार. १९६० च्या सुमारास अमेरिकेंतील कांहीं कलावंतांनीं हें आवर्तनहि बाजूला सारलें. धून नाहीं, ठरलेली लय नाहीं, ठरलेला शेवट नाहीं. शेजारचा वादक काय वाजवितो तें ऐकावयाचें आणि त्याला तत्क्षणीं उत्तर द्यावयाचें. हें लोण युरोपांत पोहोंचलें, तेव्हां हॉलंडच्या तरुण वादकांनीं त्याची केवळ नक्कल केली नाहीं. त्यांनीं त्यांत कवायतींतील बँडचा ठेका, रस्त्यावरच्या नाटकाचा अवखळपणा व गंभीर चेहऱ्यानें केलेली थट्टा मिसळली.

या थट्टेचा आद्य पुरुष मिशा मेंगेलबर्ग. त्याचा जन्म १९३५ सालीं कीव्ह येथें झाला. वडील कारेल हे संगीत-रचनाकार. त्यांचे चुलते विलेम मेंगेलबर्ग म्हणजे आम्स्टरडामच्या सुप्रसिद्ध कॉन्सर्टगेबाऊ वाद्यवृंदाचे जवळजवळ पन्नास वर्षांचे अधिपति. अशा घराण्यांत वाढलेल्या मिशाचें म्हणणें असें कीं, आयत्या वेळीं वाजविणें ही देखील रचनाच आहे. लेखणीऐवजीं ती बोटांनीं आणि त्याच क्षणीं होते, एवढेंच. हीच 'तत्काल रचने'ची कल्पना घेऊन १९६७ मध्यें मेंगेलबर्ग, बेन्निंक व सॅक्सोफोन-वादक विलेम ब्रॉइकर या तिघांनीं 'इन्स्टंट कंपोझर्स पूल' ही संस्था स्थापन केली. आय. सी. पी. या आद्याक्षरांनीं ती ओळखली जाते.

संस्थेनें प्रारंभापासून स्वतःच्या तबकड्या काढल्या. जें संगीत दुसऱ्या दिवशीं पुन्हां तसें वाजणार नाहीं आणि जें विकत घेणारे मोजके, त्यावर मोठ्या कंपनीनें पैसा कां घालावा? म्हणून वादकच मुद्रक झाले, वादकच प्रकाशक झाले आणि हिशेबाची वहीहि त्यांनींच सांभाळली. पहिली तबकडी ब्रॉइकर व बेन्निंक या दोघांची होती. बेन्निंक हा चित्रकलेचें शिक्षण घेतलेला गृहस्थ. पहिल्या तबकडीचीं वेष्टणें त्यानें स्वतःच्या हातानें सजविलीं. पुढें १९६८ च्या मे महिन्यांत जर्मनींतील ब्रेमेन शहरीं पेटर ब्रॉट्झमन या जर्मन सॅक्सोफोन-वादकानें आठ जणांना घेऊन 'मशीन गन' ही तबकडी मुद्रित केली. त्या आठांत ब्रॉइकर व बेन्निंक हे दोघेहि होते. आज युरोपीय मुक्त जॅझचा मूलग्रंथ म्हणून जिचा उल्लेख होतो, त्या तबकडीच्या पहिल्या खेपेस अवघ्या ३०० प्रती निघाल्या. तिच्या दुर्मिळतेचें कारण असें साधें आहे : कलावंताच्या खिशांत जेवढे पैसे, तेवढ्या प्रती.

हें संगीत काळापासून अलिप्त नव्हतें. जून १९६६ मध्यें आम्स्टरडामच्या बांधकाम-मजुरांनीं सुट्टीच्या वेतनांतील कपातीविरुद्ध निदर्शनें केलीं. त्या धामधुमींत एक मजूर मरण पावला. दुसऱ्या दिवशीं, १४ जून रोजीं, एका वृत्तपत्रांत आलेल्या बातमीनें खवळलेला जमाव त्या पत्राच्या कचेरीवर चालून गेला. त्याच वर्षीं ब्रॉइकरनें आपल्या मोठ्या वृंदासाठीं जी कृति रचली, तिच्या नांवांत त्यानें हीच तारीख घातली : '१४ जून १९६६ साठीं लिटनी'. लिटनी म्हणजे ख्रिस्ती उपासनेंतील आळवणी. लोस्ड्रेख्ट येथील जॅझ-स्पर्धेंत ती वाजली व तबकडीवरहि आली. वृत्तपत्रांचे ते अंक संग्रहालयांत पिवळे पडले. त्या दिवसाचा क्षोभ मात्र या कृतींत अजून ऐकूं येतो.

तीन वर्षांनीं, १७ नोव्हेंबर १९६९ रोजीं, स्वतः कॉन्सर्टगेबाऊमध्यें चालू मैफलींत कांहीं तरुण रचनाकारांनीं खेळण्यांतील कट्‌कट् वाजणाऱ्या टिचक्या वाजवून कार्यक्रम बंद पाडला. वृंदाचें धोरण कोण ठरवितें, यावर जाहीर चर्चा व्हावी, ही त्यांची मागणी. ज्या व्यासपीठावर विलेम मेंगेलबर्ग यांनीं राज्य केलें, त्याच व्यासपीठासमोरच्या या बंडखोरांत त्यांच्या पुतण्याचा मुलगा मिशाहि होता. या आंदोलनांतून पदरीं काय पडलें, असें कोणी विचारील. १९७१ मध्यें उपज-वादकांचा स्वतःचा व्यावसायिक संघ उभा राहिला; १ ऑक्टोबर १९७४ रोजीं आम्स्टरडामच्या औदे स्खान्स या रस्त्यावर 'बिमहॉइस' ही त्यांची हक्काची वास्तु उघडली. २००५ मध्यें ती नव्या इमारतींत गेली. दरम्यान ब्रॉइकर आय. सी. पी.तून बाहेर पडला होता. १९७४ मध्यें त्यानें स्वतःचा निराळा वृंद काढला. बंडखोरांचेंहि आपसांत सदैव जमतेंच असें नाहीं.

आय. सी. पी.च्या तबकड्यांपैकीं सर्वांत चमत्कारिक म्हणजे पंधराव्या क्रमांकाची. तिच्या एका बाजूस १ जून १९६४ रोजीं आइंडहोव्हन येथें डॉल्फीबरोबर वाजविलेली 'एपिस्ट्रॉफी' ही थिलोनियस मंकची रचना आहे. दुसऱ्या बाजूस १९७२ मध्यें मेंगेलबर्गनें आपल्या राखी रंगाच्या पाळीव पोपटाबरोबर केलेलें युगलवादन! एकीकडे दिवंगत महान् कलावंताची स्मृति आणि तिच्या पाठीवर पोपटाची शीळ, हें अनेकांना औचित्यभंगाचें वाटेल. परंतु पोपट म्हणजे ऐकलेलें जसेंच्या तसें पुन्हां म्हणणारा प्राणी. तबकडीचा धर्महि तोच. दोघांना एकमेकांच्या पाठीस पाठ लावून बसविण्यांत मेंगेलबर्गची खोंच दिसते.

कारण मुद्रणांत सर्व कांहीं येत नाहीं. बेन्निंक वाजवितांना जमिनीवर बसतो, पायाची टांच ड्रमच्या कातड्यावर दाबून नाद बदलतो, फरशी आणि भिंतीहि काठ्यांनीं वाजवितो. तबकडींत ठक्‌ठक् आवाज येतो. तो कशावरून आला हें कळत नाहीं. मेंगेलबर्ग एखाद्या स्वरापाशीं थबकून जुळत आलेला रंग मुद्दाम मोडतो. तबकडीच्या श्रोत्याला ती चूक वाटण्याचा संभव असतो. प्रत्यक्ष मैफलींत पुढच्या क्षणीं काय होईल हें वादकालाहि ठाऊक नसतें. तबकडी दुसऱ्यांदा लावली कीं श्रोत्याला तें ठाऊक झालेलें असतें.

मग हीं मुद्रणें जपावयाचीं कशासाठीं? दुर्मिळ म्हणून, असें उत्तर संग्राहक देईल. परंतु दुर्मिळता ही टिकाऊ वस्तु नव्हे. २०१२ मध्यें आय. सी. पी.नें आपलें सर्व मुद्रित भांडार ५२ सीडी व २ डीव्हीडी यांच्या एकाच पेटींत बाहेर काढलें. त्या दिवसापासून जुन्या तबकड्यांची किंमत राहिली, गूढता संपली. ब्रॉइकर २०१० मध्यें निवर्तला होता; मेंगेलबर्ग २०१७ मध्यें गेला. जें उरलें तें ऐकण्यासारखें आहे कीं नाहीं, हा प्रश्न आतां केवळ कानांनींच सोडवावयाचा.

त्याचें उत्तर त्या 'एपिस्ट्रॉफी'तच आहे. हिल्वर्समच्या 'लास्ट डेट'चा आरंभहि याच रचनेनें होतो. म्हणजे तेच चार वादक, तीच रचना, मध्यें एकच रात्र. आणि दोन्ही मुद्रणें आज उपलब्ध आहेत. एक ऐकलें असतां वाटतें कीं, ही रचना अशीच असावयाची. लागलीच दुसरें ऐकलें कीं तो समज गळून पडतो : डॉल्फी निराळ्या वाटेनें निघतो, पियानो निराळें उत्तर देतो, बेन्निंक निराळ्या ठिकाणीं मुसंडी मारतो. काल जें वाजलें तें आज कोणीच शोधीत नव्हतें. डॉल्फीचे शब्द या ठिकाणीं खरे ठरतात. १ जूनचें संगीत २ जूनला त्या चौघांच्याहि हातीं लागलें नाहीं. आणि हें आज कळतें तें दोन्ही दिवशीं कोणीतरी ध्वनिफीत चालू ठेविली होती म्हणून.