लष्करी वाहनसंग्रह व जीर्णोद्धार

लष्करी वाहनसंग्रह व जीर्णोद्धार : सैनिकी सेवेतून निवृत्त झालेल्या जीपगाड्या, मालमोटारी, चिलखती गाड्या व रणगाडे मिळवून, त्यांची शक्य तितकी मूळ स्वरूपात दुरुस्ती करून ती वाहने जतन करणे. व्यक्तींच्या बाबतीत हा एक छंद आहे, तर लष्करी संस्थांच्या बाबतीत ते संग्रहालयाचे कार्य आहे. संस्थानिकांच्या किंवा धनिकांच्या जुन्या मोटारींच्या संग्रहाहून हा प्रकार भिन्न आहे. त्या मोटारी देखणेपणामुळे व किंमतीमुळे पहिल्यापासूनच जपल्या गेल्या. याउलट लष्करी वाहन ठराविक नमुन्याबरहुकूम मोठ्या संख्येने तयार होते आणि युद्ध संपताच त्याची गणना भंगारात होते. ते टिकते, ते बहुधा कोणीतरी ते मुलकी कामासाठी वापरात ठेवल्यामुळे. परंतु वापरात राहिलेले वाहन मूळ रूपात राहत नाही. या छंदातील बहुतेक प्रश्न या विसंगतीतून निर्माण झालेले आहेत.

उगम : लष्करी मोटारवाहनांचा मोठ्या प्रमाणावर वापर पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) सुरू झाला. त्या युद्धातील ब्रिटिश रणगाडे १९१९ नंतर इंग्लंडमधील बॉव्हिंग्टन येथे मोडीत काढण्यासाठी आणण्यात आले व त्यांतील काही बाजूला ठेवण्यात आले. १९२३ मध्ये लेखक रड्यर्ड किपलिंग यांनी तेथे भेट दिली, तेव्हा या वाहनांचे संग्रहालय करण्याची कल्पना त्यांनी सुचविली. १९४७ मध्ये हे संग्रहालय जनतेस खुले झाले. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिश सैन्याच्या हाती लागलेला १३१ क्रमांकाचा जर्मन ‘टायगर’ रणगाडा दीर्घ जीर्णोद्धारानंतर तेथे पुन्हा स्वतःच्या एंजिनावर चालविण्यात येऊ लागला. हौशी संग्राहकांची संघटना ब्रिटनमध्ये १९६८ मध्ये स्थापन झाली.

जीप : खाजगी संग्रहात सर्वाधिक आढळणारे लष्करी वाहन म्हणजे जीप. अमेरिकी सैन्याने १९४० मध्ये चारही चाकांना एंजिनाची गती देणाऱ्या हलक्या टेहळणी वाहनासाठी निविदा मागविल्या. बँटम कंपनीने पहिला नमुना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सादर केला. तथापि प्रत्यक्ष उत्पादनाचा मोठा भाग विलिस-ओव्हरलँड व फोर्ड या दोन कंपन्यांकडे गेला. १९४१–४५ या काळात या दोन कंपन्यांनी मिळून सु. ६·४ लाख जीपगाड्या तयार केल्या. तिचे चार सिलिंडरांचे, सु. २·२ लिटर धारणशक्तीचे पेट्रोल एंजिन ६० अश्वशक्तीचे होते. दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांचे सुटे भाग परस्परांना चालत. तरीही जाणकारास त्या वेगळ्या ओळखता येतात : विलिसच्या सांगाड्याची पुढील आडवी पट्टी नळीची, तर फोर्डची चौकोनी छेदाची असते, फोर्डने आपल्या अनेक भागांवर, बोल्टांवरसुद्धा, ‘एफ’ हे अक्षर उमटविले होते.

भारतातील परिस्थिती : दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी भारतात दोस्त राष्ट्रांची अगणित वाहने आली. युद्धोत्तर काळात त्यांपैकी पुष्कळशी ‘डिस्पोजल’चा माल म्हणून विकली गेली आणि कंत्राटदार, शेतमळे, वनखाते व शिकारी यांच्याकडे पोहोचली. २ ऑक्टोबर १९४५ रोजी स्थापन झालेल्या ‘महिंद्र अँड मोहंमद’ या कंपनीने (१९४८ पासून ‘महिंद्र अँड महिंद्र’) १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलिस जीपची जुळणी हाती घेतली. त्यामुळे जुन्या लष्करी जीपगाड्यांना लागणारे किंवा त्यांना चालू शकणारे सुटे भाग देशातच मिळू लागले व त्यांचे आयुष्य वाढले. यवतमाळसारख्या काळ्या, पावसाळ्यात चिकट होणाऱ्या जमिनीच्या व जंगलाच्या जिल्ह्यात अशा वाहनाची उपयुक्तता उघड होती. तथापि याच उपयुक्ततेपायी मूळ एंजिन काढून डीझेल एंजिन बसविणे, चौकट लांबविणे, टप चढविणे यांसारखे फेरफार सर्वत्र होत गेले.

भारतीय सैन्याची पुढील पिढीतील वाहने यवतमाळच्या उत्तरेस, नागपूरच्या पलीकडे असलेल्या जबलपूर येथे तयार झाली. ‘शक्तिमान’ ही मालमोटार जर्मन एम. ए. एन. कंपनीच्या परवान्यान्वये १९५९ पासून निर्माण होऊ लागली. जपानी निस्सान कंपनीच्या गाडीवर आधारलेल्या ‘जोंगा’ या वाहनाचे उत्पादन १९६९ मध्ये सुरू होऊन १९९० च्या दशकाच्या अखेरीस थांबले. जबलपूर येथील आयुधनिर्माणी व तोफगाडा जुळणी या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘जोंगा’ हे नाव पडले. लष्करी लिलावांतून बाहेर आलेल्या जोंगा आज संग्राहकांच्या विशेष पसंतीच्या आहेत.

जीर्णोद्धाराची पद्धती : प्रथम सांगाडा व एंजिन यांवरील क्रमांक, तसेच कारखान्याच्या माहितीपट्ट्या तपासून वाहनाची ओळख निश्चित करतात. विलिस जीपच्या सांगाड्यावर क्रमांकाची पट्टी रिव्हेटने जडविलेली, तर फोर्डच्या सांगाड्यावर क्रमांक थेट ठोकलेला असतो. त्यानंतर वाहन पूर्णपणे सुटे करून प्रत्येक भागाची नोंद व छायाचित्र ठेवतात. रंगाचे थर एकेक करून हाताने घासणे इष्ट असते. कारण खालच्या थरात जुन्या पलटणीची चिन्हे वा क्रमांक सापडण्याचा संभव असतो. वाळूच्या फवाऱ्याने सरसकट गंज काढल्यास हा पुरावा कायमचा नष्ट होतो. रबरी भाग, सहा व्होल्टची विद्युत् योजना, मूळ आकाराचे टायर व ब्रेकचे भाग मिळविणे सर्वांत कठीण असते. मूळ भाग न मिळाल्यास नवा घडवावा लागतो. मात्र तो नवा असल्याची नोंद ठेवणे चांगल्या जीर्णोद्धाराचे लक्षण मानले जाते.

अहिल्यानगरचे संग्रहालय : रणगाडे खाजगी संग्राहकांच्या हाती येत नाहीत, निवृत्त रणगाडे लष्करी संग्रहालयांत किंवा युद्धस्मारके म्हणून चौकांत व शिक्षणसंस्थांच्या आवारांत आढळतात. महाराष्ट्रातील या प्रकारचा प्रमुख संग्रह अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे आहे. तेथील चिलखती दल केंद्र व विद्यालय या संस्थेने फेब्रुवारी १९९४ मध्ये रणगाडा संग्रहालय स्थापन केले. भारतीय घोडदळाच्या यांत्रिकीकरणास १९३८ मध्ये सिंद हॉर्स या पलटणीपासून आरंभ झाला. घोड्याकडून यंत्राकडे झालेले हे स्थित्यंतर येथे वाहनांच्या रूपाने पाहावयास मिळते. सु. पन्नास वाहनांच्या या संग्रहात ‘सिल्व्हर घोस्ट’ बांधणीची रोल्स-रॉइस चिलखती गाडी सर्वांत जुन्यांपैकी आहे. ‘माटिल्डा’, ‘व्हॅलेंटाइन’, ‘चर्चिल’ व ‘सेंच्युरियन’ हे ब्रिटिश, ‘हा-गो’ व ‘ची-हा’ हे जपानी रणगाडे, तसेच भारतीय सैन्याने वापरलेले ‘एएमएक्स-१३’, ‘पीटी-७६’ व आवडी येथे बनलेला ‘विजयंता’ हेही येथे आहेत. १९६५ व १९७१ च्या युद्धांत पाकिस्तानी सैन्याने वापरलेले ‘पॅटन’ व ‘चॅफी’ रणगाडेही येथे ठेवलेले आहेत.

कायदा : १५ जुलै २०२१ रोजी केंद्र शासनाने जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार ५० वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपात राखलेली व मोठे फेरफार न झालेली बिगरव्यापारी दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रु. असून नोंदणी दहा वर्षे वैध राहते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. असे वाहन प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन यांसारख्या प्रसंगीच रस्त्यावर आणता येते. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुनी सरकारी वाहने नोंदणी रद्द होऊन मोडीत निघू लागली. संरक्षणविषयक प्रत्यक्ष कामगिरीची विशेष वाहने यातून वगळली आहेत. सरकारी खात्यांच्या आवारांतून जुन्या जीपगाड्या मिळण्याचा एक मार्ग त्यामुळे अरुंद झाला आहे.

मूल्यमापन : युद्धकालीन रूप पुन्हा प्राप्त करून देणे हेच जीर्णोद्धाराचे एकमेव ध्येय मानल्यास भारतातील बहुतेक जुनी लष्करी वाहने अपूर्ण वा विद्रूप ठरतात. परंतु चार वर्षे सैन्यात व चाळीस वर्षे शेतात किंवा जंगलात राबलेल्या जीपचे डीझेल एंजिन, स्थानिक लोहाराने केलेले जोडकाम आणि तिच्यावरील मुलकी रंग हीदेखील इतिहासाची साधने होत. ती पुसून टाकल्यास वाहन नमुन्याबरहुकूम होते, पण त्याचे स्वतःचे चरित्र नाहीसे होते. उलट ती सर्व तशीच ठेवल्यास वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणून मान्यता मिळणे अवघड होते. म्हणून काढलेले भाग जपून ठेवणे व केलेल्या प्रत्येक बदलाची लेखी नोंद वाहनासोबत राखणे, हा यावरील व्यवहार्य मार्ग होय. अशी नोंद असलेले वाहन पुढील अभ्यासकास युद्धाइतकीच त्यानंतरच्या ग्रामीण जीवनाचीही माहिती देऊ शकते.