इंजिनाच्या श्वासांतील उष्णता



सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोक बोटाला चटका देतें, हा अनुभव आपणांपैकीं बहुतेकांस असेल. पदार्थविज्ञानाच्या तासाला मुलांच्या हातीं पंप देऊन मीं अनेक वर्षें हेंच शिकविलें, कीं हवा दाबली म्हणजे ती तापते. वेगवान मोटारींच्या इतिहासांतील एक मोठा झगडा याच चटक्याशीं झालेला आहे.

इंजिनाची शक्ति वाढवावयाची तर त्याच्या पोटांत अधिक हवा गेली पाहिजे. टर्बोचार्जर हें यंत्र बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून ही हवा आंत कोंबतें. परंतु दाबानें तापलेली हवा विरळ होते आणि लाभाचा कांहीं भाग तेथेंच बुडतो. शिवाय त्या उष्णतेनें पेट्रोलाचें मिश्रण अवेळीं आपोआप भडकतें. इंजिनांत ठोके पडूं लागतात आणि दट्टे निकामी होतात.

१९६२ सालीं अमेरिकेंत ऑल्ड्समोबाइल कारखान्यानें ‘जेटफायर’ नांवाची टर्बोचार्जरची मोटार विक्रीस आणली. साडेतीन लिटरच्या इंजिनांतून २१५ अश्वशक्ति निघे. हवा थंड राखण्यासाठीं योजिलेला उपाय आपल्या घरांतल्या माठासारखाच होता. माठांतील पाणी झिरपून वाफ होतांना उष्णता शोषून घेतें; त्याचप्रमाणें येथें शुद्ध पाणी व मिथेनॉल यांचें मिश्रण आंत जाणाऱ्या हवेंत सोडीत. त्यासाठीं वेगळी टाकी होती. ती रिकामी झाली तर दाब कमी करणारी झडपही होती.

पण टाकी भरण्याची आठवण कोणी ठेवावयाची? पुष्कळ मालक विसरले. मोटार मंदावली, तक्रारी वाढल्या आणि १९६३ नंतर जेटफायर बंद झाली. पुढें कित्येक गाड्यांवरील टर्बोचार्जर काढून साधा कार्ब्युरेटर बसविण्यांत आला.

याहून टिकाऊ उपाय वास्तविक ठाऊक होता. १९४२ सालच्या स्पिटफायर विमानांतील मर्लिन इंजिनांत, दोन टप्प्यांनीं दाबलेली हवा सिलिंडरांत शिरण्यापूर्वीं शीतकांतून जात असे. पोर्शे ९११ टर्बो या मोटारींत १९७८ च्या नमुन्यापासून मागील पंखाखालीं असाच शीतक आला; तो मात्र केवळ बाहेरच्या वाऱ्यावर चाले. इंजिन ३ लिटरांवरून ३.३ लिटरांचें झालें आणि शक्ति २६० वरून ३०० अश्वशक्तीपर्यंत गेली. या वाढीचें श्रेय दोहोंकडे जातें. मालकानें मात्र कांहीं लक्षांत ठेवण्याची गरज उरली नाहीं.

जेटफायरचें शास्त्र चुकलें नव्हतें. मनुष्यस्वभावाचा हिशेब चुकला होता. अर्थात् शीतक झाला तरी त्याच्या पात्यांत धूळ दाटली कीं तोही हतबल होतो. म्हणून जुनी गाडी हौसेनें बाळगणाऱ्यांनीं शक्ति वाढविण्यापूर्वीं तिच्या श्वासाची वाट मोकळी व थंड आहे ना, हें पाहावें, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.