वाटेवरचा झरा आणि देवळाचे कुंड

कोणत्याही जुन्या देवस्थानाचा इतिहास शोधू लागलो, की पुष्कळदा शिलालेखाच्या आधी पाण्याची जागा सापडते. आळत्याजवळच्या डोंगरातील रामलिंगावर पाझराचे पाणी पडते. पन्हाळगडावर नागझरी आहे. डोंगराच्या कपारीतून झरा निघावा, वाटसरूंनी तेथे तहान भागवावी, कोणी पुण्यवंताने चार दगड रचून कुंड बांधावे आणि कुंडाच्या काठी देव बसावा, असाच आपल्या मुलखाचा रिवाज दिसतो. म्हणून जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी देवाबरोबर पाण्याचेही स्मरण करणे उचित होईल.

कोल्हापुरास १८९१ साली रेल्वे आली आणि १८९५ साली राजर्षी शाहू छत्रपतींनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. गुऱ्हाळ उठले की गावोगावचा गूळ बैलगाड्यांनी या पेठेकडे येई. त्या काळच्या गाडीवानाला रस्त्याकडेचा झरा म्हणजे मोठा आधार. माणसाइतकीच बैलालाही तहान असते. अशा झऱ्यावर पाण्याची वाटणी ठरलेली असे. गोमुखाच्या धारेखाली फक्त पिण्याची घागर लावायची, उरलेले पाणी हौदात, हौदाचे ओसंडणारे पाणी गुरांच्या दगडी डोणीत, त्याच्या खाली धुण्याचा दगड, आणि शेवटी जे वाहील ते मळ्याला. हा नियम कोणी कागदावर लिहिला नव्हता, तरी सर्वांना पाठ होता.

पाणी भरण्याचे खरे कष्ट मात्र आयाबहिणींचे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बिंदगी, कमरेला कळशी. वैशाखात धार करंगळीएवढी झाली, की एक घागर भरायला केवढा वेळ जाई आणि मागे घागरींची रांग लागे, हे जुन्या बायकांना विचारावे.

हे पाणी येते कोठून? आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनला आहे. काही थर भेगाळ व सच्छिद्र, तर काही घट्ट. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. पावसाचे पाणी भेगांतून खाली मुरते, घट्ट थर लागला की अडते आणि आडवे सरकत डोंगराच्या कडेला बाहेर पडते. तोच आपला झरा. पाण्याचा थर दोन घट्ट थरांत दाबला गेला आणि त्याला वाट मिळाली, तर ते आपल्याच दाबाने वर उसळते. अशा पाण्याला फ्रान्समधील आर्त्वा प्रांतावरून ‘आर्टेशियन’ हे नाव पडले. आपल्याकडील बहुतेक झरे मात्र उताराने वाहणारे आहेत. गोमुखातून पाणी जोराने पडते, कारण ते वरच्या अंगाला साठलेले असते. तात्पर्य, झऱ्याचे तोंड पायथ्याशी असले तरी त्याचे पोट डोंगरात असते.

गगनबावड्यास वर्षाला बहुधा ५,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर कोल्हापूर शहरात सुमारे १,०००. पश्चिमेकडच्या त्या पावसावरच आपल्या नद्या पोसल्या जातात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते, असे आपण मानतो. पाचवी नदी डोळ्यांना दिसत नाही, तरी पूर्वजांनी तिला मोजणीत धरले. जमिनीखालच्या पाण्याचा असा मान राखणारी ही परंपरा आहे. कोल्हापूर शहरानेही संस्थानकाळात कात्यायनीच्या डोंगराकडून कळंब्याला येणारे पाणी नळाने आणून प्याले. घाटाखाली राजापूरची गंगा तर साधारण तीन वर्षांनी प्रकट होते, चौदा कुंडे भरते आणि काही काळाने लुप्त होते. भाविक ते पाणी भरून घरी नेतात. पन्हाळ्यावर जन्मलेल्या मोरोपंतांनाही तिच्यावर काव्य रचावेसे वाटले.

परंतु हा सर्व गौरव सांगताना एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. झरा सर्वांसाठी वाहत होता, पण त्यावर घागर लावण्याची मुभा सर्वांना नव्हती. कित्येकांना दूर उभे राहून कोणी ओंजळीत पाणी ओतील याची वाट पाहावी लागे. खुद्द कोल्हापुरात राजवाड्याच्या चाकरीतील गंगाराम कांबळे यांना हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून मार खावा लागला. शाहू महाराजांनी त्यांना चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः तेथे चहा घेतला. १९१९ साली महाराजांनी सार्वजनिक विहिरी व धर्मशाळांवर शिवाशिव पाळू नये असा हुकूम केला. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, ते याच हक्कासाठी. तीर्थाचे पावित्र्य ते भरणाऱ्या हातावर ठरत नाही, हा धडा आपल्याच मातीने दिला आहे.

आता घरोघर नळ आले. झऱ्याची रांग संपली आणि झऱ्याकडे लक्षही राहिले नाही. वरच्या अंगाला बोअर मारले जातात, उतारावरची झाडे जातात, आणि मग धार आटली की देवाचा कोप झाला असे आपण म्हणतो. जीर्णोद्धारातही एक धोका असतो. हौसेने सारे आवार सिमेंटने आणि फरशीने बंद केले, की मुरणारे पाणी गटाराला लागते. कुंडाच्या तळाला गिलावा केला, तर पाझराची तोंडेच बुजतात.

म्हणून ग्रामस्थ बंधुभगिनींना आणि देणगीदारांना नम्र विनंती. कळसासाठी सढळ हात लागतोच, त्यातला थोडा हिस्सा पाण्यासाठी ठेवावा. पावसाळ्यापूर्वी कुंडातील गाळ काढावा. भिंती सांधल्या तरी तळ मोकळा ठेवावा. झऱ्याच्या वरच्या अंगाला झाडे राखावीत आणि बोअर मारू नये. पाणी पिण्यापूर्वी तपासून घ्यावे, पावसाळ्यात उकळून प्यावे. आणि गोमुखाशी येणाऱ्याला कोणी जात विचारू नये.

देऊळ आपण पुन्हा बांधू शकतो, झरा बांधता येत नाही. तो फक्त राखता येतो. देवाने दिलेले हे देणे पुढच्या पिढीच्या ओंजळीत तसेच पडो, हीच श्रीचरणी प्रार्थना.