चंद्रपूरचा परकोट आणि गोंडराजांच्या समाध्या : लोकसहभागातून जतन

विदर्भात इरई आणि झरपट या नद्यांच्या संगमाजवळ वसलेल्या चंद्रपूर शहराभोवती गोंडकालीन दगडी तट आहे. गावात त्याला परकोट किंवा नुसते ‘किल्ला’ म्हणतात. अंचलेश्वर मंदिरालगत गोंड राजघराण्याच्या समाध्या आहेत. दोन्ही वास्तू केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहेत. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी परकोटावर श्रमदान सुरू केले. ते सलग दोनशे दिवसांवर चालले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख झाल्याने देशभर माहीत झाले. या कामाचे माप सहसा किती झुडपे तोडली, किती कचरा उचलला यावरून घेतले जाते. ते माप तोकडे आहे. कायदा वास्तूला मनाईने राखतो, पण मनाईमुळे वास्तूजवळ कोणी येतेच असे नाही. स्वयंसेवकांनी भरून काढली ती ही उणीव. त्यांनी परकोटाची दुरुस्ती केली नाही, तिथे माणसांचा वावर परत आणला. त्यांचे यश याच कसोटीवर जोखायला हवे आणि त्यांच्या मर्यादाही याच कसोटीने ठरतात.

चंद्रपूरच्या स्थापनेचे श्रेय परंपरा खांडक्या बल्लाळशाह या गोंड राजाला देते. झरपटीच्या पाण्याने त्याचा त्वचारोग बरा झाला आणि कुत्र्यामागे लागलेला ससा पाहून राणीने नगराची जागा सुचवली, ही दंतकथा शहरात आजही घरोघरी सांगितली जाते. इतिहास म्हणून हाती लागते ते एवढेच, की राजधानी बल्लारपूरहून इथे आली आणि तटाचे काम एका राजाच्या हयातीत न संपता पुढच्या पिढ्यांनी पुरे केले. तटाला चार दरवाजे आहेत : जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे लहान दारे : बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसान. यांतली शेवटची स्मशानाकडे जाणारी. दरवाज्यांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे, तेच गोंड राजांचे राजचिन्ह. गोंड राजा बीरशाहाच्या खुनानंतर त्याची राणी हिराईने कारभार हाती घेतला, त्याची घुमटाकार समाधी बांधवली आणि महाकाली व अंचलेश्वर या मंदिरांचे काम केले. १७५१ मध्ये राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफांनी तट फोडून शहर घेतले. त्यानंतर तटाचे लष्करी प्रयोजन संपले, तरी तो पाडला गेला नाही. शहर त्याच्या आत आणि बाहेर वाढत राहिले. इरईला पूर आला की पठाणपुरा गेटाबाहेरचा रस्ता पाण्याखाली जातो; अशा दिवसांत तट कशासाठी आहे हे जुन्या वस्तीला वेगळे सांगावे लागत नाही.

मग इतका कामाचा तट झाडाझुडपांत बुडाला कसा? एरवी बोट पुरातत्त्व खात्याकडे दाखवले जाते, पण कारण त्याहून खोल आहे. १९५८ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाला हात लावण्याचा अधिकार पुरातत्त्व सर्वेक्षणापुरता ठेवला. स्मारकाची नासधूस करणाऱ्याला शिक्षा आहे, परवानगीवाचून एक दगडही हलवता येत नाही. हे योग्यच आहे. परंतु देशभर अशी साडेतीन हजारांहून अधिक स्मारके आहेत आणि प्रत्येकावर पहारेकरी नेमणे कोणत्याच अंदाजपत्रकाला झेपलेले नाही. याचा बोलका पुरावा खुद्द सरकारी दप्तरात आहे. महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालासाठी १,६५५ स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा त्यांतली ९२ जागेवर सापडलीच नाहीत. ती सगळी यादीत होती आणि त्यांना कायद्याचे पूर्ण संरक्षण होते. एकाकी मंदिर किंवा कबर नाहीशी होते तशी शहराला वेढणारी भिंत नाहीशी होत नाही, हे खरे. तिचा ऱ्हास वेगळ्या वाटेने होतो. ती सगळ्यांच्या परसामागे असते, म्हणून कोणाच्याच समोर नसते. केरकचरा टाकायला, राडारोडा लोटायला तीच जागा सोयीची. एकदा झुडपे माजली की तटावर पाऊल टाकता येत नाही. पाऊल पडत नाही म्हणून ढासळलेला बुरूज कोणाला दिसत नाही. आणि न दिसलेल्या बुरुजाची तक्रार कोणी करत नाही.

हा फेरा जिथे तोडता येतो ती जागा म्हणजे झाड. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ-वडाचे बी चिऱ्यांच्या सांध्यात पडते. चुन्यात ओल टिकते, त्यामुळे एका पावसाळ्यात रोप बोटभर होते. पुढे मुळी जाड होत जाते, सांधा उघडतो, उघड्या सांध्यात पाणी शिरते आणि आतली भर धुपून निघते. बाहेरून भिंत शाबूत दिसत असते तेव्हाच ती आतून पोकळ होत असते. रोप कोवळे असताना हाताने निघते. चार-पाच वर्षांनी कोयता लागतो. त्यानंतर कोयत्यानेही भागत नाही, कारण वरून छाटलेला पिंपळ दुप्पट जोमाने फुटतो. म्हणजे हे काम एका मोठ्या मोहिमेचे नाही, दरवर्षी पावसाळा सरताच पुन्हा करण्याचे आहे. निविदा काढून होणारे काम संपते आणि देयक अदा होते. पिंपळाला त्याचे सोयरसुतक नसते. पहाटे कोयते, फावडी, घमेली घेऊन तटावर चढणारे कार्यकर्ते खात्याच्या पद्धतीत न बसणारे काम करत होते, ते या अर्थाने. वाट मोकळी झाल्यावर तटावरून लोकांना फिरवून आणण्याचे कार्यक्रम सुरू झाले. माझ्या मते श्रमदानाइतकेच महत्त्व त्यांना आहे. ज्या भिंतीवरून चालता येते तिच्यावर कचरा टाकताना माणूस थोडा तरी बिचकतो.

या प्रकारच्या कामावरचा पहिला आक्षेप जाणकारांचा आहे आणि तो गंभीर आहे. हौशी हात बिघाड करतात. खोल गेलेले मूळ जोर लावून उपटले की त्याच्यासोबत चार चिरे निखळतात. ढासळलेल्या जागी सिमेंट भरले तर भिंत काही काळ नीटनेटकी दिसते. पण चुन्याची भिंत ओल सोडते आणि सिमेंट ती कोंडते, मग क्षार साठून शेजारचा दगडच भुगा होऊ लागतो. चुन्याच्या जुन्या बांधकामावर सिमेंटचे थर चढवल्याची उदाहरणे महाराष्ट्रात गडांपासून गावच्या देवळांपर्यंत हवी तितकी मिळतात आणि त्यांतली बरीचशी भक्तिभावाने झालेली आहेत. याचे उत्तर स्वयंसेवकांना घरी बसवणे हे नाही, कामाची सीमा आखणे हे आहे. कचरा, गवत, कोवळी रोपे, नोंदी आणि छायाचित्रे हे त्यांचे. जाड बुंधे, सांधे आणि चिरे हे तज्ज्ञांचे. चंद्रपूरचे काम या सीमेच्या बऱ्याच अंशी अलीकडे राहिले, म्हणूनच ते दाखला म्हणून घेता येते. बाराव्या-तेराव्या शतकातल्या बारवांतला गाळ उपसणाऱ्या गटांनाही हीच सीमा लागू आहे. गाळ काढणे वेगळे आणि निखळलेली पायरी आपल्या अंदाजाने बसवणे वेगळे.

दुसरा आक्षेप राजकीय आहे : फुकटात कामे होऊ लागली की सरकार अंग काढून घेते. तत्त्वतः हे पटते, पण चंद्रपुरात उलटे घडलेले दिसते. झाडीखालून तट बाहेर आल्यावर त्याची पडझड लपवणे अवघड झाले, मागण्यांना छायाचित्रांचा आधार मिळाला आणि खात्याला काही भागांची दुरुस्ती हाती घ्यावी लागली. श्रमदान मागणीच्या जागी आले असते तर आक्षेप खरा ठरला असता. इथे श्रमदानानेच मागणीला पुरावा पुरवला.

तिसरा आक्षेप तटाजवळ राहणाऱ्यांचा आहे आणि त्याची दखल सर्वांत कमी घेतली जाते. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. एखाद्या सुट्या देवळाभोवती हा नियम एक छोटे वर्तुळ आखतो. चंद्रपुरात स्मारक म्हणजे शहराचा वेढाच असल्याने आत आणि बाहेर, दोन्ही बाजूंना बंदीचा पट्टा पडतो आणि जुनी वस्ती त्यात सापडते. पिढीजात घरावर मजला चढवू न शकणाऱ्या कुटुंबाला परकोटाचा अभिमान बाळगायला सांगणे सोपे नाही. जटपुरा गेटातून रोज अडकत जाणाऱ्या वाहनचालकालाही नाही. स्वच्छता मोहिमेकडे हे लोक ‘आता आमची घरे उठवणार’ अशा संशयाने पाहत असतील तर तो संशय अनाठायी म्हणता येत नाही. इथे स्वयंसेवकांच्या हाती कायदा बदलणे नाही. मात्र जुन्या घराच्या डागडुजीला परवानगी मिळू शकते, ती कोणाकडे आणि कशी मागायची, हे समजावून देणे त्यांच्या आवाक्यात आहे; नकाशावर पट्टा नेमका कुठून जातो हे दाखवणेही आहे. अशी मदत झाली तर तटाला त्याच्या शेजाऱ्यांमधूनच राखणदार मिळतील. ती न झाल्यास मोहीम ज्यांचे घर तटाला लागून नाही अशांची राहील.

समाध्यांच्या बाबतीत प्रश्न आणखी नाजूक होतो. परकोट सगळ्या शहराचा म्हणता येतो. समाधी मात्र आधी कोणाच्या तरी पूर्वजांची असते आणि मग वारसा ठरते. गोंड समाजासाठी बीरशाहाची समाधी म्हणजे गेलेल्या राज्याची उरलेली खूण आहे. तिथे झाडलोट करणारे आणि माहिती सांगणारे बहुतेक इतर समाजांतले असले, तर हेतू कितीही चांगला असो, कथा सांगण्याचा हक्क नकळत हातचा जातो. दंतकथेतला ससा आणि कुत्रा सहज सांगितला जातो. हिराईचा कारभार, तिने केलेली बांधकामे, राज्य गेल्यानंतर गोंड समाजाची झालेली परवड, हे मागे पडते. यावर असे म्हटले जाते की वास्तू टिकली तर कथा नंतरही सांगता येईल, आधी झाडे तर काढू. तटापुरते हे उत्तर चालेल. समाधीच्या चौथऱ्यावर कोणते काम कोणत्या दिवशी करायचे, पादत्राणे कुठे काढायची, कोणत्या तिथीला जागा समाजासाठी मोकळी ठेवायची, फलकावर गोंडीत मजकूर हवा की नको, हे झाडे काढायच्या आधीच ठरवावे लागते आणि ते ठरवताना गोंड समाजाचे लोक पाहुणे म्हणून नव्हे, यजमान म्हणून बैठकीत असावे लागतात.