एका पुडीत दोन: खाऊ एक, घरोघरच्या तऱ्हा



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक हप्ते गोळा करून सहाला संपायची, ती आठला संपली. कारण मेतकूट. आम्ही पहिल्यांदाच पाकिटाला छापील लेबल लावणार होतो, पाचशे नग, आणि मागच्या बाजूला ‘कसे खावे’ हे दोन ओळींत लिहायचं होतं. अक्का म्हणाल्या, “गुरगुट्या भात, वर तूप, वर मेतकूट. दुसरं काही लिहायचं नाही.” वैनी म्हणाल्या, आमच्याकडे दह्यात कालवतात. तिसरीचं म्हणणं, भाकरी, कच्चं तेल आणि मेतकूट, आमच्या घरी भात फक्त सणाला असायचा. तिकडे छापखान्यातून दोनदा फोन येऊन गेला.

त्याच गोंधळात काकूंनी पिशवीतून एक खोका काढला. त्यांचा मुलगा अमेरिकेहून सुट्टीला आलाय, त्यानं आणलेला. आत चकचकीत पुड्या, एका पुडीत दोन वड्या. वडी म्हणजे चपटी, चौकोनी करंजीच समजा. वरून मैद्याचं खुसखुशीत आवरण, आत पुरणाच्या जागी फळाचा जॅम. नाव पॉप-टार्ट. पाव भाजायचं विजेचं यंत्र असतं ना, टोस्टर, त्यात घालून गरम करायचा हा खाऊ. आमच्याकडे टोस्टर कुठला! एकीनं तशीच खाल्ली, एकीनं चहात बुडवली, वैनींनी तव्यावर तूप सोडून भाजली. खोक्यावर कसं खायचं ते छापलेलं होतंच. ते बघून अक्कांनी विचारलं, “एवढं छापलंय खरं, पण त्यांच्या घरी ऐकतं का कुणी?”

बी.ए.ला माझा इतिहास होता. तहाच्या तारखा पाठ केल्या, पण खाऊच्या पुडीचा इतिहास काही कुणी शिकवला नाही. अक्कांच्या प्रश्नापायी तो मी आता शोधून वाचला. तोच आज सांगते.

आधी टोस्टर. पाव भाजला की आपोआप वर उडवणाऱ्या यंत्राचं पेटंट 1921 साली चार्ल्स स्ट्राइट या अमेरिकन माणसाला मिळालं. कारखान्याच्या उपाहारगृहात पाव करपायचे, त्यावर त्यानं काढलेला हा उपाय. 1926 पर्यंत घरगुती टोस्टर बाजारात आला. 1928 साली मिझुरी राज्यातल्या चिलिकॉथी गावात यंत्रानं कापलेला पाव विकायला सुरुवात झाली. मग काय, घरोघरी सारख्या जाडीचे पाव आणि सारख्या मापाच्या खाचा. त्या खाचांत पावाशिवाय आणखी काय घालता येईल, हा विचार व्यापाऱ्यांच्या डोक्यात यायला वेळ लागला, पण आला.

तो आला मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक या गावात. या गावाची सगळी कहाणीच मुळी खाण्यावरून झालेल्या भांडणांची. तिथं डॉक्टर जॉन केलॉग यांचं मोठं आरोग्यधाम होतं. मांस नाही, मसाला नाही, साखरेचं वावडं. त्यांच्या पत्नी एला तिथलं प्रयोगाचं स्वयंपाकघर चालवायच्या आणि 1892 साली त्यांनी स्वयंपाकाच्या शास्त्रावर पुस्तकही लिहिलं. पण खोक्यावर एलाबाईंचं नाव कधी आलं नाही. ते का, हे तुम्हांला मी वेगळं सांगायला नको. डॉक्टरांचा धाकटा भाऊ विल हिशेब बघायचा. धान्याचे पोहे निघाले, लोकांना आवडले, तेव्हा विल म्हणाला थोडी साखर घालू, विक्री वाढेल. थोरला म्हणाला, अजिबात नाही. 1906 साली विलनं स्वतःची कंपनी काढली. पुढं ‘केलॉग’ हे नाव कुणी वापरायचं यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेले. त्याच आरोग्यधामात एक रुग्ण येऊन राहिला होता, सी. डब्ल्यू. पोस्ट. त्यानं 1895 मध्ये त्याच गावात आपला धंदा उघडला. केलॉग आणि पोस्ट, दोघांची दुकानं समोरासमोर म्हणा ना.

आता येऊ 1960 नंतरच्या काळात. अमेरिकेत लग्न झालेल्या बायका मोठ्या संख्येनं नोकरीला जाऊ लागल्या होत्या. सकाळी न्याहारी कुणी करायची? मुलाला स्वतःच्या हातानं करून घेता येईल असं काहीतरी कंपन्यांना हवं होतं. पोस्ट कंपनीकडे एक युक्ती होती. ओलसर पदार्थ फ्रिजशिवाय टिकवायचा, चंदेरी कागदात बंद करायचा. ही युक्ती त्यांनी आधी वापरली होती कुत्र्यांच्या खाण्यासाठी! (हे ऐकून आमच्या बैठकीत तिघींनी घास खाली ठेवला. पदार्थ माणसांचाच आहे गं, फक्त टिकवायची रीत तिथली.) त्यातून त्यांनी फळांचं सारण भरलेली वडी केली आणि नाव ठेवलं ‘कंट्री स्क्वेअर्स’. कंट्री म्हणजे खेडं, स्क्वेअर म्हणजे चौकोन. पण त्या वेळच्या बोलीत ‘स्क्वेअर’ म्हणजे जुनाट, बावळट माणूस. म्हणजे नावाचा अर्थ झाला ‘खेडवळ बावळट’! खेडं म्हटलं की बावळट, हे खूळ तिकडेही आहे तर. आपल्याकडे आता पाकिटावर ‘गावरान’ छापलं की शहरातली माणसं चार रुपये जास्त देतात, ही गोष्ट वेगळी.

पोस्टनं दुसरी चूक केली. माल दुकानात पोचायच्या आधीच वर्तमानपत्रांना सगळं सांगून टाकलं. केलॉगवाल्यांनी ते वाचलं आणि ग्रँड रॅपिड्स गावातल्या एका बिस्कीट कारखान्याकडे धाव घेतली. तिथला व्यवस्थापक होता बिल पोस्ट. गंमत बघा, पोस्ट कंपनीला मागे टाकणाऱ्या माणसाचं आडनावही पोस्ट! त्यानं नमुने करून घरी नेले. मोठ्या साहेबांच्या आधी चव घेतली त्याच्या पोरांनी, आणि पोरं म्हणाली, बाबा, अजून आणा. हा माणूस 2024 साली 96 व्या वर्षी वारला.

1964 मध्ये पॉप-टार्ट बाजारात आलं. स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी, दालचिनी-ब्राऊन शुगर, सफरचंद-बेदाणा अशा चार चवी. पहिला माल बघता बघता संपला, तेव्हा कंपनीनं जाहिरात देऊन माफी मागितली. माफी वाचून लोक आणखी मागे लागले. पहिल्या वड्यांवर साखरेचा लेप नव्हता, टोस्टरमध्ये वितळून खाली गळेल अशी भीती होती. मग लेप लावून भाजून बघितलं, तो टिकला. 1967 पासून लेपाची वडी आली आणि घराघरांत भांडणाला नवा विषय मिळाला.

कारण एव्हाना घरांचे दोन पक्ष पडले होते. एक म्हणतो टोस्टरचा खाऊ, तो गरमच खायचा. दुसरा म्हणतो पुडी फोडली की तोंडात. गरमवाल्यांतही पोटपक्ष आहेत. कुणी वर लोणी फासतं, तर कुणाला लोणी म्हणजे पदार्थाचा अपमान वाटतो. काही जण आधी कोरडी कड खाऊन टाकतात आणि सारणाचा मधला भाग शेवटी ठेवतात, आपली पोरं पुरणपोळीचं तसंच करतात. कुणी दोन वड्या एकीवर एक दाबून खातं, कुणी फ्रीजरमध्ये गारठवून. कंपनीनं खोक्यावर मायक्रोवेव्हसाठी अवघे तीन सेकंद छापले, त्याचीही लोकांनी थट्टा केली. आणि पुडीत दोन, घरात पोरं तीन, हा प्रश्न तर जगातल्या कुठल्याही आईला सोडवता आलेला नाही.

टोस्टरवाल्यांना एकदा जरा गप्प बसावं लागलं. वडी खाचेत अडकून जळाल्याच्या तक्रारी झाल्या. 1994 मध्ये टेक्सासमधल्या एका प्राध्यापकानं मुद्दाम टोस्टर अडकवून बघितला, तेव्हा फूटभराहून उंच ज्वाळा निघाल्या. शेवटी साखरच ती. गुळाचा पाक चुलीवर विसरला की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. आणि न भाजता खाणाऱ्यांच्या बाजूनं दाखला आला 2004 साली. फ्लोरिडात चक्रीवादळ येणार होतं, तेव्हा वॉलमार्ट या मोठ्या दुकानवाल्यांनी आधीच्या वादळाचे आकडे काढले. वादळाआधी स्ट्रॉबेरी पॉप-टार्टची विक्री नेहमीच्या सातपट होत होती. वीज जाणार हे माहीत असताना लोक टोस्टरचा खाऊ भरून ठेवत होते!

काकूंच्या मुलाच्या घरी मात्र वाद आणखी वेगळा. लेपाच्या वडीत जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. बिनलेपाच्या वडीत ते नसतं. त्यामुळं तिकडच्या शाकाहारी घरांत आई खोक्याची बारीक अक्षरं वाचते आणि पोरं रंगीत लेपासाठी हट्ट करतात. काकू माळकरी. म्हणून मुलानं बिनलेपाचाच खोका आणला होता. काकूंनी दोनदा विचारून मगच तुकडा मोडला.

आणि हीच केलॉग कंपनी 1994 मध्ये आपल्याकडे आली बरं का. कारखाना पनवेलजवळ तळोज्याला. मक्याचे पोहे थंड दुधात घालून कुरकुरीत खायचे, असं त्यांचं सांगणं. आपल्या बायकांनी दूध तापवलं, पोह्यांवर ओतलं, त्याचा लगदा झाला. सकाळी लेकराला थंड दूध द्यायचं, हे कुठल्या सासूला पटणार? सुरुवातीची वर्षं विक्री रडतखडतच चालली. व्यापार शिकवणाऱ्या कॉलेजांत आता तो धडा म्हणून शिकवतात. एवढी मोठी कंपनी आपल्या दुधाच्या पातेल्यापाशी अडली.

हे सगळं मी पुढच्या बैठकीत वाचून दाखवलं. अक्कांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, “ते असू दे. भात पहिला लिहायचा.” भात पहिला लिहिला. त्याखाली दही, त्याखाली भाकरी-तेल, आणि उरलेल्या जागेत गटाचा फोन नंबर. पाचशे लेबलं आली, त्यातली दोनशे लागलीसुद्धा.

परवा फोन वाजला, तो नेमका अक्कांनी उचलला. एक बाई विचारत होत्या, आम्ही हे पोह्यांवर भुरभुरवतो, पोरांना फार आवडतं, मोठं पाकीट मिळेल का? अक्कांनी पत्ता लिहून घेतला, पैसे कसे पाठवायचे ते सांगितलं, फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पोह्यांवर?” त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्या कुणाशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वैनींनी सांगितलं, अक्कांच्या घरून सकाळी पोह्यांच्या फोडणीचा वास येत होता.