बालक आरोग्य विमा कार्यक्रम, अमेरिकेतील : राजकीय वाद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत संघ सरकार आणि राज्ये मिळून खर्च करतात अशी मुलांसाठीची आरोग्य विमा योजना. स्थापना १९९७. ज्यांचे उत्पन्न ‘मेडिकेड’ या गरिबांसाठीच्या योजनेत बसण्याइतके कमी नाही, पण खासगी विम्याचा हप्ता भरण्याइतके जास्तही नाही, अशा कुटुंबांतील १९ वर्षांखालील मुले तिच्यात येतात. आरंभी ‘एसचिप’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही योजना २००९ पासून नुसती ‘चिप’ झाली. मुलांना औषधोपचार मिळू नयेत असे म्हणणारा पुढारी अमेरिकेत शोधूनही सापडणार नाही. तरीही या योजनेच्या विस्ताराची दोन विधेयके राष्ट्राध्यक्षांनी परत पाठवली आणि एकदा तिचा निधी जवळजवळ चार महिने अडकून पडला. भांडण मुलांवरून नव्हतेच. सरकारी विमा मध्यमवर्गाच्या उंबरठ्याच्या आत किती पावले जाऊ द्यायचा, यावरून ते होते.

१९६५ साली लिंडन जॉन्सन यांच्या काळात ‘मेडिकेअर’ व मेडिकेड आले, तेव्हा अनुक्रमे वृद्धांना व अतिगरिबांना आधार मिळाला. मधला वर्ग नोकरीतून मिळणाऱ्या विम्यावर सोडून दिला गेला. बिल क्लिंटन यांची सर्वांसाठीची विमा योजना १९९४ मध्ये काँग्रेसमध्येच बारगळली. सगळ्यांचे जमत नसेल तर निदान मुलांचे तरी करू, हा विचार त्या पराभवातून पुढे आला. मॅसॅच्युसेट्सचे डेमोक्रॅट सिनेटर एडवर्ड केनेडी आणि युटाचे रिपब्लिकन सिनेटर ऑरिन हॅच यांनी मिळून विधेयक आणले व त्याचा पैसा सिगारेटवरील करातून काढायचे सुचवले. हॅच हे मॉर्मन पंथाचे. त्यांच्या धर्मातच तंबाखू वर्ज्य. या कराचे समर्थन करताना त्यांना फारसे अवघडल्यासारखे झाले नसावे. गंमत अशी की मे १९९७ मध्ये दुरुस्तीच्या रूपाने मांडलेली ही कल्पना सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४५ मतांनी बाजूला ठेवली गेली, तेव्हा रिपब्लिकन नेत्यांशी झालेला अर्थसंकल्पाचा समझोता मोडू नये म्हणून खुद्द क्लिंटन प्रशासनानेच तिच्याविरुद्ध वजन टाकले होते. त्याच उन्हाळ्यात ती समतोल अर्थसंकल्पाच्या कायद्यात शिरली आणि ५ ऑगस्ट १९९७ रोजी क्लिंटन यांनी सही केली. दहा वर्षांसाठी सुमारे ४० अब्ज डॉलर आणि सिगारेटच्या पाकिटामागे दोन टप्प्यांत १५ सेंट जादा कर, असा हिशेब ठरला.

पुढच्या सगळ्या वादांचे मूळ योजनेच्या घडणीत आहे. मेडिकेड हा कायद्याने दिलेला हक्क आहे : पात्र माणूस आला की खर्च करावाच लागतो. चिपमध्ये मात्र प्रत्येक राज्याला ठरावीक रक्कम मिळते आणि त्या रकमेलाही मुदत असते. रिपब्लिकनांना हक्काची आणखी एक योजना नको होती, म्हणून ही तडजोड झाली. राज्यांनी यावे म्हणून आमिषही मोठे ठेवले : मेडिकेडमध्ये संघ सरकारचा वाटा ५० टक्क्यांपासून सुरू होतो, तर येथे तो ६५ ते ८५ टक्के. मेडिकेड वाढवायचे, वेगळी योजना काढायची की दोन्ही, हे राज्यांनी ठरवायचे. त्यामुळे जॉर्जियात ‘पीचकेअर’, विस्कॉन्सिनमध्ये ‘बॅजरकेअर’, अलाबामात ‘ऑल किड्स’ अशी घरगुती नावे आली आणि सरकारी मदत घेण्याची लाज पुष्कळ अंशी गेली. रिपब्लिकन गव्हर्नरांनाही योजना आवडू लागली. पण पैशाला मुदत असल्यामुळे दर काही वर्षांनी काँग्रेसपुढे हात पसरणे आले, आणि दर वेळी जुने भांडण नव्याने पेटू लागले.

सर्वांत मोठी ठिणगी २००७ साली पडली. पहिली दहा वर्षे संपत होती. काँग्रेसमध्ये डेमोक्रॅटांचे बहुमत होते, तर अध्यक्षपदी जॉर्ज डब्ल्यू. बुश. बुश यांनी पाच वर्षांत ५ अब्ज डॉलरची वाढ देऊ केली; काँग्रेसने ३५ अब्जांची वाढ मंजूर केली आणि त्यासाठी सिगारेटवरील कर पाकिटामागे ३९ सेंटांवरून एक डॉलरवर न्यायचे ठरवले. सिनेटमध्ये ६७ विरुद्ध २९ अशी मते पडली. हॅच आणि आयोवाचे चार्ल्स ग्रासली हे ज्येष्ठ रिपब्लिकन विधेयकाच्या बाजूने उभे होते. ३ ऑक्टोबर २००७ रोजी बुश यांनी नकाराधिकार वापरला. १८ ऑक्टोबरला प्रतिनिधिगृहात २७३ विरुद्ध १५६ मते पडली; ४४ रिपब्लिकन सदस्यांनी स्वपक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध मत देऊनही दोनतृतीयांश बहुमताला १३ मते कमी पडली. थोडे बदल केलेले दुसरे विधेयकही त्यांनी १२ डिसेंबरला परत पाठवले. अखेर मार्च २००९ पर्यंतची निव्वळ मुदतवाढ देऊन विषय पुढच्या अध्यक्षावर ढकलण्यात आला.

बुश यांच्या बाजूचा युक्तिवाद ‘आधी गरीब मुले’ असा होता. वर्षाला ८३ हजार डॉलर कमावणाऱ्या कुटुंबालाही हे विधेयक सरकारी विमा देईल, असे ते सांगत. हा आकडा न्यूयॉर्क राज्याच्या मागणीतून आला होता : तेव्हा चार जणांच्या कुटुंबाची दारिद्र्यरेषा २०,६५० डॉलर होती आणि न्यूयॉर्कला तिच्या चौपट उत्पन्नापर्यंत जायचे होते. विधेयकात ती मर्यादा लिहिलेली नव्हती. उलट तिपटीपुढच्या मुलांसाठी राज्यांना वाढीव वाटा मिळणार नव्हता, जरी न्यूयॉर्क व न्यू जर्सीला त्यातून वाट काढून दिलेली होती. म्हणजे आकडा निखालस खोटा नव्हता आणि खराही नव्हता. प्रचाराला असेच आकडे सोयीचे पडतात. काही राज्ये याच निधीतून प्रौढांनाही विमा देत होती, हा आक्षेप मात्र वस्तुस्थितीला धरून होता. प्रशासनाने ऑगस्ट २००७ मध्येच एक परिपत्रक काढून, दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीपुढे जायचे असेल तर दुपटीखालच्या ९५ टक्के पात्र मुलांची नोंदणी झाल्याचे आधी दाखवा, अशी अट राज्यांना घातली होती. ती पाळणे राज्यांना जवळजवळ अशक्य होते, आणि अट घालण्यामागचा हेतूही लपून राहिला नाही. दुसऱ्या बाजूनेही भावनेचा वापर कमी केला नाही. योजनेतून उपचार मिळालेल्या एका शाळकरी मुलाच्या तोंडून डेमोक्रॅटांनी रेडिओवर भाषण करवले. त्यावर विरोधकांनी त्या कुटुंबाचे घर, उत्पन्न आणि मुलांची शाळा यांचीच झडती सुरू केली. या वादातील हा सर्वांत हलका प्रसंग.

अर्थशास्त्राचा खरा प्रश्न याहून वेगळा होता. सरकारी विमा स्वस्तात मिळू लागला की आईबाप मुलाला कंपनीच्या विम्यातून काढून इकडे आणतात. मग नवा खर्च किती विमाहीन मुलांवर झाला आणि किती आधीच विमा असलेल्या? काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने २००७ मध्ये असा अंदाज दिला की योजनेत येणाऱ्या दर १०० मुलांमागे २५ ते ५० मुलांचा खासगी विमा कमी होतो. जोनाथन ग्रुबर व कोसाली सायमन या अभ्यासकांचा आकडा सुमारे ६० टक्के होता आणि विरोधकांनी तो उचलून धरला. पण ग्रुबर स्वतः विस्ताराच्या बाजूचेच राहिले : इतकी गळती धरूनही विमाहीनांपर्यंत पोचण्याचे इतर मार्ग, विशेषतः करसवलती, याहून महाग पडतात असे त्यांचे म्हणणे होते. खासगी विम्यातून होणारी ही गळती रोखण्यासाठी अनेक राज्यांनी मुलाला काही महिने विम्याविना ठेवण्याची अट घातली होती. आजारी मुलाच्या आईबापांना हे धोरण कसे समजावून सांगायचे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

तंबाखूचा करही निर्विवाद नव्हता. तो गरिबांच्या खिशातून अधिक जातो, आणि कर वाढला की धूम्रपान घटते, म्हणजे उत्पन्नही घटते. खर्च वाढता आणि आधार ओसरता, ही तक्रार चुकीची नाही. ऑरेगनमध्ये मुलांच्या विम्यासाठी सिगारेटवरील कर वाढवण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २००७ मध्ये मतदारांपुढे आला. तंबाखू कंपन्यांनी त्याविरुद्ध प्रचारावर प्रचंड पैसा ओतला आणि तो पडला.

बराक ओबामा यांनी ४ फेब्रुवारी २००९ रोजी, पदग्रहणानंतर पंधरवड्यातच, विस्ताराच्या कायद्यावर सही केली व बुश प्रशासनाचे ते परिपत्रकही मागे घेतले. सिगारेटवरील कर पाकिटामागे १.०१ डॉलर झाला. दंतोपचार देणे बंधनकारक झाले. मेरीलँडमध्ये २००७ साली दाताच्या संसर्गाने एका मुलाचा मृत्यू झाल्यापासून ही मागणी जोर धरून होती. या खेपेला वाद पेटला तो स्थलांतरितांवरून. १९९६ च्या कायद्याने कायदेशीर स्थलांतरितांनाही पाच वर्षे थांबावे लागे. मुले व गर्भवती स्त्रिया यांच्याबाबत ही अट सोडण्याची मुभा आता राज्यांना मिळाली. याच तरतुदीवर नाराज होऊन ग्रासली आणि हॅच यांनी विरोधात मत दिले. म्हणजे योजनेच्या जनकांपैकी एकानेच तिच्या विस्ताराला नकार दिला.

सप्टेंबर २०१७ अखेर निधीची मुदत पुन्हा संपली. तेव्हा दोन्ही सभागृहे व अध्यक्षपद रिपब्लिकनांकडे होते, आणि मुदतवाढीला उघड विरोध कोणाचाच नव्हता; अडले ते पैसा कोठून काढायचा यावर. राज्ये उरलेल्या पैशांवर दिवस ढकलत राहिली, कोलोरॅडोने पालकांना सूचनापत्रे धाडली, अलाबामाने नवी नोंदणी थांबवण्याची घोषणा केली. जानेवारी २०१८ मध्ये सरकारी कामकाज बंद पडले असताना, लहानपणी आणल्या गेलेल्या अनधिकृत स्थलांतरितांचा प्रश्न धसास लावू पाहणाऱ्या डेमोक्रॅटांना नमवण्यासाठी हीच मुदतवाढ वापरली गेली. २२ जानेवारीला सहा वर्षांची वाढ मिळाली आणि फेब्रुवारीत ती दहा वर्षांची झाली. यातला विनोद हिशेबाचा आहे : सक्तीचा विमा न घेणाऱ्यांवरचा दंड डिसेंबरमध्ये रद्द झाल्यामुळे खासगी विम्यावरचे सरकारी अनुदान वाढणार होते, त्यामुळे मुलांना चिपमध्येच ठेवणे स्वस्त पडू लागले. दहा वर्षांची वाढ दिल्यास तिजोरीचे सुमारे ६ अब्ज डॉलर वाचतील, असे अर्थसंकल्प कार्यालयाने सांगितले. ज्या खर्चावरून चार महिने अडवणूक चालली, तो खर्च नव्हताच.

विमाहीन मुलांचे प्रमाण १९९७ मध्ये सुमारे १४ टक्के होते, ते २०१६ पर्यंत ५ टक्क्यांच्या खाली आले. याचे सगळे श्रेय चिपला देता येत नाही. तिच्या प्रचारामुळे मेडिकेडला आधीच पात्र असलेली, पण नाव न घातलेली मुलेही पुढे आली. २०१८ व २०१९ मध्ये हे प्रमाण पुन्हा थोडे चढले. १ जानेवारी २०२४ पासून एकदा पात्र ठरलेल्या मुलाचा विमा सलग बारा महिने चालू ठेवणे राज्यांना बंधनकारक आहे. हप्ता थकला म्हणून वर्षाच्या मध्येच मुलाला काढता येणार नाही, या संघ सरकारने लावलेल्या अर्थाविरुद्ध फ्लोरिडा राज्याने न्यायालयात दावा लावला. निधीची मुदत आता २०२९ पर्यंत वाढवण्यात आली आहे.