घर सावरणारे हात : खान्देशातील श्रमसेवेचा एक मागोवा

खान्देशात वैशाख सरत आला की खेड्यापाड्यांत एकच घाई सुरू होते. मृग लागण्याच्या आत घर सावरायचे असते. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांना टेकून आलेला असतो, भिंतींना भेगा पडलेल्या असतात, आणि पहिल्या वळवाच्या सरीने घराची सारी दुबळी ठिकाणे उघडी पडतात. नेमक्या याच दिवसांत शाळा-महाविद्यालयांना सुटी असते. तरुणांची सुटी आणि गरिबाच्या घराची निकड अशी एकाच वेळी समोर उभी राहते.

गेल्या शतकात ख्रिस्ती जगात एक रीत रुजली : किशोरवयीन मुलामुलींनी सुटीतले काही दिवस काढून गरजू कुटुंबांची घरे दुरुस्त करून द्यावीत. ही रीत कशी घडत गेली आणि खान्देशच्या मातीत तिला अनुकूल असे काय होते, याचा मागोवा आम्ही येथे घेत आहोत. या इतिहासाकडे पाहताना एक प्रश्न आम्ही सतत डोळ्यांपुढे ठेवला आहे. परक्या हातांनी दुरुस्त झालेले घर शेवटी कोणाचे राहते?

प्रथम येथील घराकडे पाहू. तापीकाठच्या गावांतील जुने घर धाब्याचे. लाकडी तुळयांवर किलचण अंथरायची, त्यावर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर उन्हाळ्यात ही माती नव्याने पसरून चोपावी लागे, पन्हाळी साफ कराव्या लागत. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि डोंगरात घर कुडाचे. बांबू, पऱ्हाट्या किंवा तुऱ्हाट्या उभ्या करून त्यांवर शेणमातीचा लेप देत. अशी घरे एकदा बांधून विसरून जाण्याजोगी नव्हतीच. ती दरवर्षी माणसांचे हात मागत. म्हणूनच भिल्ल, भिलाला अशा आदिवासी समाजांत परस्परांच्या घरबांधणीला आणि शेतीला जाण्याची प्रथा टिकून राहिली. नर्मदेच्या खोऱ्यात तिला ‘लाह’ म्हणतात. ज्याच्या घराचे काम असेल त्याने बोलवायचे, आलेल्यांना जेवू घालायचे आणि उद्या त्यांच्या हाकेला आपण जायचे. या व्यवहारात कोणी दाता नसतो आणि कोणी याचकही नसतो. पोरेसोरेही मोठ्यांच्या हाताखाली माती मळतात आणि काम शिकतात.

आधुनिक श्रमशिबिराचा उगम मात्र युद्धाच्या राखेत झाला. पहिल्या महायुद्धात व्हर्दूनच्या परिसरातील फ्रेंच खेडी बेचिराख झाली होती. १९२० साली पियेर सेरेसोल या स्विस अभियंत्याने काही सोबत्यांसह एन नावाच्या गावी मुक्काम ठोकला आणि बेघरांसाठी लाकडी निवारे उभारण्यास आरंभ केला. ख्रिस्ती श्रद्धेतून शांततावादी झालेला हा माणूस होता. त्याच्या तुकडीत कालपरवापर्यंत शत्रू असलेले जर्मनही होते. पण जखम ओली होती. जर्मन हातांविषयीचा संशय आणि अधिकाऱ्यांचा विरोध यांमुळे काही महिन्यांतच काम थांबवावे लागले. सेवा करणाऱ्याचा हेतू शुद्ध असला तरी ज्याच्या दारी जायचे त्याचे मन तयार असावे लागते, हा धडा या चळवळीला पहिल्याच शिबिरात मिळाला.

१९३१ च्या डिसेंबरात गांधीजी स्वित्झर्लंडला गेले असता सेरेसोल यांची त्यांच्याशी भेट झाली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला, तेव्हा सेरेसोल भारतात आले. राजेंद्रप्रसाद यांच्या नेतृत्वाखाली मदतकार्य चालू होते. सेरेसोल आणि त्यांच्या मोजक्या युरोपीय सहकाऱ्यांनी मुजफ्फरपूर भागात गावकऱ्यांच्या बरोबरीने पुरापासून सुरक्षित अशा उंचवट्यांवर गावे पुन्हा वसविण्यासाठी १९३७ पर्यंत कष्ट घेतले. गोऱ्या माणसाने डोक्यावर मातीचे घमेले घ्यावे, हे दृश्य त्या काळच्या हिंदुस्थानात विरळाच होते.

त्याच सुमारास खान्देशातही अंगमेहनतीची प्रतिष्ठा वाढत होती. तिचे श्रेय प्रामुख्याने साने गुरुजींकडे जाते. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाचा भार त्यांच्यावर होता. मुलांच्या खोल्या झाडणे, कंदिलांच्या काचा पुसणे, विस्कटलेली अंथरुणे नीट करणे ही कामे ते स्वतः करीत. उपदेश न करता त्यांनी मुलांना दाखवून दिले की हलके असे कोणतेही काम नसते. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, तीही गुरुजींनीच लिहून घेतली. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. त्यासाठी गुरुजी गावोगाव फिरले. नंदलाल बोस यांच्या कलादृष्टीखाली बांबूसारख्या साध्या, स्थानिक साहित्यातून तेथे एक नगर उभे राहिले. आपल्या भोवतीच्याच वस्तूंतून देखणे आणि उपयोगी बांधकाम होऊ शकते, हे खान्देशाने आपल्या डोळ्यांनी पाहिले. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाल्यावर श्रमाचा हा संस्कार महाराष्ट्रातील अनेक किशोरांपर्यंत पोहोचला.

कॅथलिक जगात या प्रवाहाला मोठी चालना दिली ती फादर वेरेनफ्रीड व्हॅन स्ट्राटेन यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व युरोपातून हाकलून दिलेले लक्षावधी जर्मन निर्वासित छावण्यांत दिवस कंठीत होते. बेल्जियममधील टोंगेर्लो मठाच्या या डच धर्मगुरूने प्रथम त्यांच्यासाठी अन्नवस्त्र गोळा केले, आणि १९५३ साली तरुण ‘बांधकाम-सोबत्यां’ची संघटना स्थापन केली. जर्मन सैन्याने ज्यांचे देश व्यापले होते, त्याच देशांतील विद्यार्थी सुटीत जर्मनांसाठी विटा रचू लागले. क्षमा हा शब्द येथे गिलाव्याइतका ठोस झाला. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफ यांचा सण म्हणून नेमून दिला. ज्या तारणाऱ्याचे बालपण सुताराच्या घरी गेले, त्याच्या अनुयायांना रंधा आणि करवत परके वाटण्याचे कारण नव्हते.

यानंतर १९६९ हे वर्ष विशेष लक्षात घ्यावे लागते. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतील केंटकी राज्यात ग्लेन एव्हन्स या मेथडिस्ट पाळकाने सुमारे पन्नास तरुण व प्रौढ स्वयंसेवकांना घेऊन बार्बरव्हिल येथे चार घरे दुरुस्त केली. कोळशाच्या खाणींच्या त्या डोंगराळ मुलुखात दारिद्र्य जुने होते. त्यातून वाढलेल्या ‘अ‍ॅपलेशिया सर्व्हिस प्रोजेक्ट’ या कार्यात पुढे दर उन्हाळ्यात हजारो किशोर सहभागी होऊ लागले. त्याच वर्षी, २४ सप्टेंबर रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने भारतात राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आरंभी ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थी तीत होते. खान्देशातील महाविद्यालये तेव्हा पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. १९९० साली जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. सुगरणीच्या खोप्याचे नवल गाणाऱ्या आणि संसाराची घडण चुलीपाशी उमगलेल्या या शेतकरी स्त्रीचे नाव श्रमशिबिरांना जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाला लाभावे, हे उचितच झाले.

परंतु केवळ उत्साहाने घर सावरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला आणि हजारो माणसे स्वतःच्याच घराखाली गाडली गेली. दगडमातीच्या भिंती आतून एकमेकींत नीट बांधलेल्या नव्हत्या, आणि वर मातीचे जड छत होते. वर्षानुवर्षे भर घातल्याने असे छत अधिकाधिक जड होत जाते. धाब्याखाली राहणाऱ्या खान्देशालाही ही सूचना होती. पुढील पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्याखेरीज दीड लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घेण्यात आले. त्या कामात शासनाने साहाय्य आणि तांत्रिक मार्गदर्शन दिले, परंतु काम करून घेण्याची जबाबदारी घरमालकांवर सोपविली. खेड्यांतील बचत गटांच्या स्त्रियांनी घराघरांत जाऊन भिंत कशी बांधावी हे समजावून सांगितले. घराची खरी जाण तेथे राहणाऱ्यांनाच असते, याची साक्ष त्या स्त्रियांनी दिली.

आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर या साऱ्या इतिहासात आहे. जेथे घरधनी बाजूला उभा राहून पाहत राहिला, तेथे भिंत उभी राहिली तरी त्याची मान खाली गेली. जेथे तो स्वतः काम सांगू लागला आणि पाहुण्यांनी ते ऐकले, तेथे घर त्याचेच राहिले. १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांताच्या कक्षेत खान्देश येतो. येथील धर्मग्रामांच्या युवकांनी अशी शिबिरे मनावर घेतली तर त्यांच्यासमोर हा वारसा असावा.

त्याचा व्यावहारिक अर्थ आम्ही असा लावतो. शिबिराचा प्रमुख गावातला गवंडी किंवा सुतार असावा. मुलांनी त्याच्या हाताखाली शिकावे आणि त्याला त्याचा रोज मिळावा. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविण्याचा मोह टाळावा, कारण तो ओल आत कोंडून धरतो आणि काही काळाने सुटतो. कौले उतरवून सरसकट पत्रे घालण्यापूर्वी वैशाखातल्या दुपारी त्या पत्र्याखाली कोणाला बसायचे आहे, हे घरातल्या बाईला विचारावे. धर्म कोणता, असे कोणत्याही दारात विचारू नये. आणि त्या घरची भाकरी मिळाली तर ती संकोच न करता खावी. लाहीच्या रीतीत आलेल्यांना जेवू घालणे हा घरधन्याचा मान आहे. तो नाकारला तर आपण दिलेले सारे दान ठरते, स्वीकारला तर ते सोबत ठरते.

तारुण्याला त्यागाची ओढ असते, आणि ती शमविण्यासाठी गरिबाचे घर हे साधन होऊ लागते, तेव्हा सेवेला कीड लागते. याउलट, पोरांनी मळलेल्या मातीत घरातल्या म्हातारीने आपलाही हात घातला आणि ‘असं नाही रे, असं’ म्हणून त्यांना लिंपायला शिकवले, तर कोणी कोणाला काय दिले याचा हिशेब करण्याचे कारणच उरत नाही.